दाहिनीची जागा

काकाने पहिला दगड मारला तो मोजणीच्या लेव्हलच्या तिपाईला. तिपाई कलंडली, वरचं यंत्र खडकावर आपटलं आणि त्याची काच फुटली. दुसरा दगड पुतणीच्या, फूटपट्टीच्या, खांद्यात बसला.

टेकडीच्या सपाटीवर वाकून ती फक्कीची रेघ मारत होती. हातातलं घमेलं सुटलं, पांढरी भुकटी तोंडावर उडाली. डोळे चोळत ती उठते तोवर काका पहार घेऊन खुंट्या उपटायला लागला होता. उपटलेली खुंटी गुडघ्यावर मोडायची आणि उतारावरून खाली भिरकावायची.

"काका, अहो काय करताय?"

"इथं नाही. सांगून ठेवतो. गावात कुठंही बांधा, माझ्या घराच्या दारात बांधा, पण इथं नाही."

"का पण?"

फक्कीच्या रेघांवर पाय घासत काका पुढे गेला आणि तिने मन लावून आखलेला चौकोन त्याने मातीत मिळवला. तेवढ्यात खालून तिचे बाबा धापा टाकत वर आले. भावाभावांत बोलाचाली झालीच नाही. बाबांनी काकाची कॉलर धरली, काकाने त्यांच्या कानशिलात लगावली. बाबा खाली बसले ते बसलेच. काका पहार खांद्यावर टाकून उतरून गेला.

फूटपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी शेजारणीच्या दोरीवरचा कपडा वाकडा वाळत घातलेला दिसला, तरी ही चढून सरळ करून यायची. गावाने तेव्हाच नाव ठेवलं. पुढे ती शहरात एका बांधकाम ठेकेदाराच्या ऑफिसात नकाशे काढायला लागली आणि नाव कायमचं चिकटलं. काकालाही गाव नावाने हाक मारत नसे. तो खाणीवर सुरुंग लावायचा, आणि त्याचा स्वभावही तसाच, म्हणून त्याला सुरुंगच म्हणायचे. बाबा वेल्डर. दोघा भावांची वाटणी कधीच झाली होती. टेकडी बाबांच्या वाट्याला आली होती, आणि तिच्या पायथ्याचं घर काकाच्या. बाबांनी टेकडीवरची सपाटी गावाला देऊन टाकली होती, गॅसवर चालणारी शवदाहिनी बांधायला.

दाहिनी हवीच होती. गावात माणूस गेलं की त्याला घाट ओलांडून शहरात न्यावं लागे. तिथे रांग, तिथली बंद पडलेली भट्टी, आणि परतताना पुन्हा तोच घाट. मागच्या वर्षी सुईणबाईंच्या नवऱ्याला नेणारी शववाहिका वळणावर घसरून दरीत गेली. जावयाच्या बरगड्या मोडल्या. नवऱ्याचं शव गाडीबाहेर फेकलं गेलं. सुईणबाई झुडपं धरत खाली उतरल्या आणि मदत येईपर्यंत त्याचं फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "मेलेल्या माणसालासुद्धा मार चुकला नाही," एवढंच त्या म्हणाल्या. पण त्यानंतर त्यांनी घरोघर जाऊन माणसं गोळा केली. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं होतं, त्या प्रत्येकाकडे त्या रस्त्याची एक कहाणी होती. अर्ध्या गावाला सुईणबाईंनीच जगात आणलेलं. त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. दाहिनी मंजूर झाली आणि नकाशाचं काम फूटपट्टीकडे आलं.

काका कशाला आडवा येतोय ते कुणाला कळेना. लोकांनी आपल्या परीने लावायचा तो अर्थ लावला. टेकडीच्या दगडावर खाणमालकाचा डोळा आहे, सुरुंग त्याचं काम करतोय, असं हॉटेलात बोललं जाऊ लागलं. बाबांनाही ते पटलं. त्यांच्या कानात अजून ती चपराक वाजत होती.

मग शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. फूटपट्टीने नकाशा फळ्यावर लावला आणि समजावून सांगितलं. इथे घरच्यांना बसायला खोली, इथे पाणी, गाडी या बाजूने येणार, आणि सपाटीच्या मधोमध दाहिनी. तिने बोट ठेवलं त्या चौकोनाकडे काका मागच्या बाकावरून एकटक बघत होता. शेजारी काकू मान खाली घालून बसलेली.

"कुणाला काही विचारायचंय?" सुईणबाईंनी टेबलामागून विचारलं.

काका उठला. "चौकोन तिथे नको."

"मग कुठे हवा?"

"तिथे नको."

"अरे, कारण तर सांग बाबा. का खाणमालकाने अजून पाठ करून घेतलं नाही तुझ्याकडून?"

हॉलमध्ये हशा पिकला. काका बाकांवरूनच पुढे आला. फळ्यावरचा नकाशा त्याने टराटरा फाडला, आणि कुणी अडवायच्या आत टेबल उचलून उलटं केलं. टेबलाची कड सुईणबाईंच्या मनगटावर आली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

मग सगळे एकदम तुटून पडले. सुईणबाईंचा जावई पुढे, त्याच्यामागे शिंपी, त्याच्यामागे दूधवाला. कुणाच्या हातात खुर्ची होती, कुणाच्या हातात चप्पल, कुणी नुसत्याच लाथा घालत होतं. काकाने आधी दोघांतिघांना लोळवलं, पण मग तो खाली पडला, आणि खाली पडलेल्याला मारणं सोपं असतं. फूटपट्टी गर्दीत घुसायला बघत होती. तिला फटीतून दिसलं ते असं, की काकाच्या छातीवर गुडघा रोवून एकजण त्याच्या तोंडावर ठोसे हाणतोय, एकामागून एक, वेल्डरच्या जाड, भाजलेल्या मुठीने.

"बाबा! बाबा, सोडा त्यांना!"

बाबांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे तिला ओळखीचे वाटले नाहीत. मग काकू किंचाळत आली आणि नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा कुठे हात थांबले. काकाच्या तोंडातून रक्ताबरोबर दात बाहेर आले. काकूने ते पदरात घेतले, कुणाकडे न बघता त्याला उठवलं आणि घेऊन गेली.

त्या दिवशी घरी बाबा नळाखाली हात धरून बराच वेळ उभे होते. सालटी गेली होती. फूटपट्टी म्हणाली, "तुमचा सख्खा भाऊ आहे."

"सुईणबाईंचा हात मोडला त्याने."

"तुम्ही त्यासाठी मारलंत?"

बाबांनी नळ बंद केला. "नाही," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

काम सुरू झालं. काका घरातून बाहेर पडेना. बाहेरच्या भिंतींचा पाया खणून झाला, त्यात काँक्रीट पडलं. मधल्या भट्टीचा खड्डा तेवढा राहिला होता; तो सुट्टीनंतर घ्यायचा होता. सुट्टीच्या दिवशी साइटवर कुणी नसणार, हे काकाला ठाऊक होतं. बाबा तिथे जाणार आहेत, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. पायाच्या काँक्रीटमध्ये बसवलेले बोल्ट सरळ आहेत की नाही ते बघायला बाबा चहा घेऊन सकाळीच निघाले. पलीकडच्या पायवाटेने ते वर चढले.

काकाने पायाच्या लांबच्या कडेला सुरुंग भरले होते. वात पेटवून तो खडकाआड जाऊन बसला, आणि डोकं वर काढून बघतो तर समोरून भाऊ चढून येतोय.

तो खडकाआडून सुटला तो थेट भावाच्या दिशेने. "दादा! पळ! मागे फिर!" तो ओरडत होता, पण सभेपासून त्याच्या तोंडातून शब्द नीट उमटत नव्हते, आणि वारा उलटा होता. बाबांना दिसलं ते एवढंच, की भाऊ हात उगारून अंगावर येतोय. त्यांनी खाली पडलेला लोखंडी गज उचलला. काका जवळ पोचताच त्यांनी तो त्याच्या डोक्यात घातला. काका गुडघ्यावर आला, तरी त्याने भावाच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला मागे ओढायला लागला. बाबांनी पुन्हा गज हाणला, पाठीत. दोघेही लोळत उताराला लागले. तेवढ्यात टेकडी फुटली.

गावातल्या खिडक्या थरथरल्या. धूळ खाली बसल्यावर लोकांना दिसलं, की सुरुंग भावाला पाठीवर घेऊन उतार उतरतोय. त्याच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं. त्याच्या पाठीवरच्या माणसाचा उजवा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता.

फूटपट्टी हॉस्पिटलात पोचली तेव्हा बाबांना ऑपरेशनला घेतलं होतं. पाय काढावा लागेल, असं नर्सने सांगितलं. कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर काका बसला होता. त्याच्या कपड्यांवर कुणाचं रक्त कुठलं ते सांगता आलं नसतं.

ती चालत गेली, पण त्याच्यापर्यंत पोचताना पळत होती. वाटेत भिंतीला टांगलेला आग विझवायचा लाल सिलिंडर तिने ओढून काढला. पहिला घाव खांद्यावर बसला. काहीतरी कडकन मोडलं. "मार ना आता! मला मार! उचल दगड!" ती ओरडत होती. जन्मात पहिल्यांदा ती काकाशी अरेतुरे बोलत होती. "तू माणूस नाहीस! तू कुत्र्याच्या लायकीचा नाहीस!" दुसरा घाव गालावर बसला. काकाने हात वर केला नाही. तिच्या ओठांकडे तो बघत होता, ती काय म्हणतेय ते कळून घ्यायचा प्रयत्न करत असल्यासारखा. त्याला ऐकू येत नव्हतं. तिसऱ्यांदा तिने सिलिंडर उचलला तेव्हा वॉर्डबॉयने मागून धरलं. तिने त्याच्या हाताला चावा घेतला. शेवटी तिलाच सुई टोचून झोपवावं लागलं.

पोलीस काकाला घेऊन गेले. तिच्याविरुद्ध कुणी तक्रार केली नाही. काकाच करू शकला असता.

काही दिवसांनी दाहिनीच्या कमिटीची बैठक सुईणबाईंच्या ओटीवर बसली. त्यांचा हात गळ्यात बांधलेला. फूटपट्टी नकाशा घेऊन आलेली. पाया पुन्हा घालायचा, त्याच जागी घालायचा, पहाऱ्याला माणूस ठेवायचा, असं ठरत होतं. तेवढ्यात काकू आली. कुणी बस म्हटलं नाही. ती खांबाला धरून उभी राहिली.

"मला एक सांगायचंय. सांगून जाते."

"बोल," सुईणबाई म्हणाल्या.

"माझा टिल्लू तिथं आहे."

टिल्लू म्हणजे काका-काकूंचा एकुलता एक मुलगा. महापुराच्या वर्षी तो गेला. गाव तेव्हा होड्यांतून हलवलं होतं, माणसं जागोजागच्या छावण्यांत पांगली होती. फूटपट्टी शहरात होती. बचावपथकाने मुलाला शहरात नेलं, सगळं तिकडेच उरकलं, असं काकाने नंतर सांगितलं होतं, आणि कुणी खोदून विचारलं नव्हतं.

"कसलं पथक?" काकू म्हणाली. "शेवटच्या होडीत जागा नव्हती. आम्ही टेकडीवर चढलो. पोरगं खाली घरात कोंबड्या सोडवायला पळालं आणि भिंत आली त्याच्यावर. आम्ही वर आणलं. होडी येईल, आज येईल, उद्या येईल. कोणी आलं नाही. तुम्हाला काय सांगू, उन्हात पोराची काय दशा झाली. मग ह्यांनी दारं उपटून आणली, टायर आणले, खाणीवरचं डिझेल आणलं. लाकूड ओलं. अर्धं झालं आणि विझलं. पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. हे काठीने..." ती थांबली. पदर तोंडात कोंबून उभी राहिली. मग म्हणाली, "उरलं ते तिथंच मातीत घातलं. तू बोट ठेवलंस ना गं फळ्यावर, तिथं. त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडून पोराचं नाव निघालेलं नाही. माझ्याजवळसुद्धा नाही."

दूधवाला उठून अंगणात गेला आणि तिथेच पाठ करून उभा राहिला.

"मला का नाही बोलावलंस?" सुईणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "मीच बाहेर काढला होता ना त्याला तुझ्या पोटातून?"

"तुम्ही होडीत होता बाई."

सुईणबाईंनी मोडका हात धडक्या हातात धरला आणि फूटपट्टीकडे वळल्या. "माझा हात मोडला तो मोडला. त्याला मी माफ करणार नाही. पण पोरी, तू तो चौकोन हलव."

बाबांनी मात्र मानलं नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर ते उशाला टेकून बसले होते. चादर एका बाजूला सपाट पडलेली. फूटपट्टीने सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"मला सांगितलं नाही त्याने. मी भाऊ होतो त्याचा. मला सांगितलं असतं तर मी टेकडी दिली असती का? माझ्या हाताने त्याचे दात पाडले मी. कशासाठी? तो गप्प बसला म्हणून!"

"बाबा, त्या दिवशी ते तुम्हाला मारायला नव्हते येत. ओढून बाहेर काढत होते."

"माहीत आहे मला!" बाबांनी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. "मिठी मारली तेव्हाच कळलं होतं. तरी मी हाणला. कळूनसुद्धा हाणला, समजलं? आता ऐक. दाहिनी तिथंच होणार. मधोमध. एक बोटभर हलवलीस तर माझ्यासमोर येऊ नकोस. पाय माझा गेलाय."

तांब्यातलं सांडलेलं पाणी तिने पुसलं, शहरात आली आणि रात्री जागून नव्हे, दिवसाउजेडी ऑफिसात सगळ्यांसमोर बसून नकाशा नव्याने काढला. दाहिनी उतारालगतच्या कडेला गेली. बसायची खोली तिरकी झाली, गाडीला वळायला जागा अडचणीची झाली. ठेकेदार म्हणाला, "अगं, हे वाकडं दिसतंय. तुझ्या हातून?" ती म्हणाली, "वाकडंच आहे. राहू दे." मधली जागा तिने मोकळी सोडली. तिथे झाड नाही, कट्टा नाही, काहीच नाही.

बाबा कुबड्यांवर साइटवर आले ते धुराड्याचे पत्रे जोडायला. दुसरा वेल्डर बोलवा म्हटलं तर शिव्या दिल्या होत्या त्यांनी. सपाटीवर आल्याबरोबर त्यांना कळलं. लेकीकडे त्यांनी असं पाहिलं, की मजूर हातातलं काम टाकून बाजूला झाले. मग एक कुबडी त्यांनी तिच्यावर फेकली. ती तिच्या कपाळाला लागली, भुवईवर खोक पडली. ती तशीच उभी राहिली. बाबा एका पायावर डुलले आणि पडले. कुणाला हात लावू दिला नाही. सरपटत पत्र्यांपर्यंत गेले, काच डोळ्यांवर ओढली आणि वेल्डिंगला बसले. दिवसभर ठिणग्या उडत होत्या. लेकीशी ते पुढे कितीतरी दिवस बोलले नाहीत. पण धुराडं असं सरळसोट उभं केलं, की ठेकेदाराने ओळंबा लावून पाहिला आणि गुपचूप खिशात ठेवला.

काका शिक्षा भोगून परत आला तेव्हा दाहिनी चालू झाली होती. एका कानाने त्याला थोडं ऐकू येई. खाणीवर त्याला कुणी घेतलं नाही. तो पायथ्याच्या घरात राही, टेकडीकडे पाठ करून बसे. गावातली निम्मी माणसं त्याला बघून रस्ता बदलत, उरलेली निम्मी त्याला बघून मान खाली घालत. बाबा आणि तो एकदा दुकानापाशी समोरासमोर आले. बाबांनी हातातला पाना त्याच्या पायाशी भिरकावला. काका बाजूने निघून गेला.

मग एके दुपारी शाळेच्या शिपायाची बायको वर आणली. बाळंतपणात गेली होती. फूटपट्टी त्या दिवशी राखीव गॅसटाकीच्या नळीची गळती बघायला आली होती आणि बाबा तिची झडप बदलत होते. शिपाई गडी अंगापिंडाने दांडगा. इतका वेळ दगडासारखा होता. पण दाहिनीचं दार खाली आलं आणि त्याचं डोकं फिरलं. त्याने त्या लोखंडी दारावर मुठी आपटायला सुरुवात केली. "उघडा! काढा तिला! थंडी वाजते तिला!" मेव्हण्याने धरलं तर त्याला उचलून फेकलं. सासऱ्याला ढकललं, म्हातारा भिंतीवर आदळला. बसायच्या खोलीतली खुर्ची उचलून त्याने खिडक्या फोडल्या, मग काचेच्या तुकड्यांवरून चालत पुन्हा दाराशी गेला आणि कपाळ आपटू लागला. दारावर रक्ताचे ठसे उमटले. सगळे मागे सरले. कुणाची जवळ जायची छाती होईना.

फूटपट्टीच्या बाजूने कुणीतरी पुढे गेलं. काका होता. आरडाओरडा त्याच्या अर्ध्या कानाला खाली घरापर्यंत पोचला असावा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो टेकडी चढला होता. तो शिपायापाशी गेला आणि दार व त्याचं कपाळ यांच्यामध्ये उभा राहिला. शिपायाने त्याला हाणलं. तोंडावर, पोटात, आधीच एकदा मोडलेल्या खांद्यावर. काका हलला नाही. हात त्याने खालीच ठेवले होते. "मार," तो म्हणत होता. "मार रे. मार." ठोसे हळूहळू ढिले पडले. मग त्या दांडग्या गड्याने त्याच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि असा हंबरडा फोडला, की बाहेरच्या गाडीचा ड्रायव्हर आत धावत आला. तेव्हा कुठे काकाने हात वर उचलले आणि त्याला धरलं. दोघेही दाराला टेकून खाली बसले.

बाबा झडपेपाशी हातात पाना घेऊन उभे होते. फूटपट्टीला भीती वाटली. पाना त्यांनी खाली ठेवला, कुबडी काखेत घेतली.

"दोघांना पाणी दे," ते तिला म्हणाले आणि पाना उचलून पुन्हा झडप आवळायला लागले.